दवाखाना जागेवर आढळला नाही

आधी तारखा, मग जबाबदार इसम आणि शेवटी हकीकत, हा क्रम मी आजवर लिहिलेल्या एकूण एक अर्जात पाळला आहे. हा अर्ज नव्हे; परंतु हाताला वळण लागले आहे, त्यामुळे तोच क्रम येथेही राहील.

तारीख पहिली : आणीबाणी लागल्यानंतरचा पहिला पोळा उलटल्यावरचा बाजाराचा दिवस. या दिवशी "कर्मचाऱ्याने कार्यालयीन वेळेत आपली खुर्ची सोडू नये, खुर्ची रिकामी आढळल्यास कारवाई होईल" असे परिपत्रक आमच्या गावच्या ढोर-दवाखान्यात येऊन पोहोचले. तारीख दुसरी : त्यानंतरचा सोमवार. या दिवशी दवाखाना नाहीसा झाला. तारीख तिसरी : दसऱ्याच्या आसपासची. या दिवशी एका माणसाच्या सेवापुस्तकात एक शेरा लिहिला गेला. तो अजून तेथेच आहे.

जबाबदार इसम येणेप्रमाणे. एक, ज्यांनी ते परिपत्रक काढले ते अकोल्याचे साहेब. तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता. दोन, त्यांच्या जीपचा ड्रायव्हर. एरवी ती जीप चार माणसांनी ढकलल्याशिवाय सुरू होत नसे, त्या सोमवारी मात्र ती पहिल्याच फटक्यात सुरू झाली. तीन, नाल्यापलीकडच्या वस्तीवरील एक म्हैस, जिने कोणतीही पूर्वसूचना न देता कळा द्यायला घेतल्या. चौथा इसम प्रस्तुत लेखक. त्याच्यावरील आरोपांची चौकशी त्याने स्वतःच केली असून तीत तो निर्दोष ठरला आहे.

आता हकीकत.

शिरपूरहून रिसोडकडे जाताना आमचे गाव लागते. गावाच्या तोंडाशी एका खोलीचा ढोर-दवाखाना होता आणि त्या दवाखान्यात ते होते. होते म्हणजे नेमणुकीने होते; देहाने ते तेथे क्वचितच सापडत. त्यांचे नाव मी देत नाही. एकतर बदनामीचा कायदा मला तोंडपाठ आहे, आणि दुसरे म्हणजे गावाने ते कधी वापरलेच नाही. सारे त्यांना 'डाक्तर' म्हणत.

या 'डाक्तर' शब्दावरूनच आमची ओळख झाली. सरकारी कागदावर ते डॉक्टर नव्हते, स्टॉकमन, म्हणजे ढोरांच्या डॉक्टरचे सहायक, होते. मी तेव्हा एका जिनिंग फॅक्टरीत दिवाणजी होतो. हंगाम नसला की हाताला काम नसे आणि मेंदूला विसावा नसे. अशाच एका रिकाम्या उन्हाळ्यात "पदनामाच्या गैरवापराबाबत" या विषयाचे एक पत्र मी वरिष्ठांकडे रवाना केले. वरिष्ठांनी ते नेहमीप्रमाणे खाली पाठवले आणि खाली म्हणजे थेट ज्याच्याविरुद्ध होते त्याच्याच हातात.

एका सकाळी ते सायकल घेऊन माझ्या दारात उभे राहिले. काळा, उंच, सुतळीसारखा माणूस. खाकी पिशवी खांद्याला.

"हे तुमी लिवलं काय, दिवाणजी?"

"होय. आणि त्यातील प्रत्येक शब्दाला मी बांधील आहे."

"अक्षर लय सुंदर हाय." त्यांनी पत्राची घडी घातली. "म्या तं गावाले सांगून पाह्यलं, मले डाक्तर म्हनू नका. ऐकत नाइत. आता तुमीच एक पत्र ढोराइले लिवा. ते ऐकतीन."

एवढे बोलून ते माझ्या गोठ्यात शिरले आणि माझ्या गाईपुढे हात जोडून म्हणाले, "बाईसाहेब, जरा इकडं वळता काय?" गाय वळली. माझे आजवर कधी तिने ऐकले नव्हते.

हा त्यांचा पहिला विक्षिप्तपणा. जनावराला अहो-जाहो आणि मालकाला अबे-तुबे. पाटलाच्या बैलाला ते "मालक" म्हणत आणि पाटलाला "सरक बे, उजीड अडून राह्यला". पाटील सरके. कारण बैल त्यांचाच होता आणि बैलाचा पाय या माणसाच्या मांडीवर होता. आमच्या गावात त्या काळी त्यांना कोणाच्या गोठ्यात जाता येई आणि कोणाच्या ओसरीवर नाही, याची एक न लिहिलेली यादी होती. ती त्यांना पाठ होती. त्यांच्या घराण्याने छप्पन साली धर्म बदलला होता. गावाने आपला स्वभाव बदलायला मात्र अजून मुदतवाढ मागितलेली होती.

दुसरा विक्षिप्तपणा खुर्चीचा. दवाखान्यात सागवानी, दोन हातांची एक सरकारी खुर्ची होती. ते तिला रोज सकाळी तेलाचा बोळा फिरवीत, तिच्यावर स्वच्छ पंचा पसरीत आणि निघून जात. दिवसभर गोठे, शेते, बाजार. नोंदी उभ्यानेच करायच्या, तेही समोरच्या बैलाच्या पाठीवर रजिस्टर ठेवून. त्यामुळे त्यांच्या नोंदींत मधूनच एखादी ओळ बैलाने श्वास घेतल्यासारखी वर जाई. संध्याकाळी परत आले, हातपाय धुतले, की पंचा काढून त्या खुर्चीवर बसत. पाठ ताठ, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, नजर समोर. एक विडी ओढायला लागेल इतका वेळ. मग उठत, पंचा झटकून पसरीत आणि कुलूप लावीत.

मी एकदा हटकले, "ही कसली पद्धत? बसायचे तर दिवसभर बसा."

"काम झाल्याबिगर कसा बसू?"

"खुर्ची कामासाठीच असते."

"तुमच्या घरी असन," ते म्हणाले. "माह्या बापाले उभ्या जल्मात कोनी 'बस' म्हनलं नाइ. मले घटनेनं म्हनलं. तिच्यावर मी फुकटात बसीन काय?"

यावर माझ्याजवळ कोणतेही कलम नव्हते. कलम नसले की मी विषय बदलतो. मी हवापाण्याचे बोलू लागलो.

जनावराला दवाखान्यात आणा असे त्यांनी कधी कोणास सांगितले नाही. "ढोराले अर्ज करता येत नाइ," हे त्यांचे ठरलेले वाक्य. ज्याला अर्ज करता येत नाही त्याच्याकडे आपण जायचे, असा त्याचा अर्थ. मी आयुष्यभर अर्जच केले, त्यामुळे हे वाक्य मला उगाचच वैयक्तिक वाटत असे.

आता माझ्या पायाविषयी लिहिणे भाग आहे. कायद्याच्या दृष्टीने तो या प्रकरणातील साक्षीदार आहे.

आणीबाणीच्या आदल्या हिवाळ्यात, ऐन कापसाच्या हंगामात, मी फॅक्टरीतल्या गाठींच्या थप्पीवरून पडलो. थप्पी वेडीवाकडी रचली आहे, हे हमालांना वरून दाखवायला चढलो होतो. ते सिद्ध झाले. पाय प्लास्टरमध्ये गेला. मी रजेचा सविस्तर अर्ज लिहिला, त्यात कामगार-नुकसानभरपाईच्या कायद्याचा उल्लेख केला आणि शेटजींकडे पाठवला. शेटजी स्वतः आले. अर्ज त्यांनी उपरण्याच्या टोकाने वारा घ्यावा तसा हलवला.

"दिवाणजी, पाँव टूटा है ना? हाथ तो नहीं टूटा?"

"नाही, परंतु नियमाप्रमाणे..."

"बस. चोपड्या घरी पाठवतो. बैठ के करो. काम पूरा हुआ, तो आप फॅक्टरी में, या घर में, या ससुराल में, मेरे को क्या?"

अशा रीतीने, आमच्या पंचक्रोशीत घरी बसून कार्यालयाचे काम करणारा मी पहिला खाजगी नोकर ठरलो. माझी कायदेशीर वृत्ती मात्र या मोकळिकीला घाबरली. वेळ नाही, हजेरी नाही, भोंगा ऐकू येतो पण तो आपल्यासाठी नाही! मी ताबडतोब स्वतःला नियम लावून घेतले. भोंग्याच्या आधी अंघोळ, कोट, टोपी. ओसरीवर बैठक. कार्यालयीन वेळेत घरच्या माणसांनी घरगुती विषय काढू नयेत. पाणी हवे असेल तर मी आधी मनातल्या मनात परवानगी मागे, आणि ती देण्यापूर्वी किंचित विचार करी.

एके दुपारी डाक्तर माझ्या गोठ्यातून बाहेर येत होते. मला तशा थाटात पाहून ते थबकले आणि माझ्या पत्नीला विचारते झाले, "वहिनी, यायले काय झालं वो? अशे काहून बसले?"

"ते हापिसात हायेत," ती धान्य पाखडता पाखडता म्हणाली. "पाच वाजता घरी येतीन. तवा बोला."

"अन् जेवन?"

"डबा देतो ना. चुलीपासून हितलोक. रोज इचारतात, आज डब्यात काय हाय. म्या म्हनलं, उघडून पाहा, घरून आला."

ते अंगणात बसून हसले. हसता हसता त्यांच्यावर डोळे पुसायची वेळ आली. मी दप्तरावरून मान वर केली नाही. पाच वाजायला अवकाश होता. पाचनंतर मात्र त्यांनी माझ्या प्लास्टरवर टिचकी मारून बैलाचा पाय तपासावा तसा तो तपासला आणि म्हणाले, "दिवाणजी, तुमचा सेठ बरा. त्याले काम दिसते. माहा सेठ अकोल्यात बसते. त्याले हितलं काम दिसत नाइ, म्हनून त्याले खुर्ची पाहा लागते."

मी त्यांना समजावले, की त्यांच्या बाजूला नियम आहेत, माझ्या बाजूला फक्त एका माणसाची मर्जी. आज त्याला वाटले म्हणून घरी बसवले. उद्या वाटले तर कायमचा घरी बसवील. हे माझे भाकीत दुर्दैवाने बरेचसे खरे ठरले. त्याच हंगामात शेटजींचा भाचा मुंबईहून कारभार पाहायला आला. त्याचे म्हणणे, माणसे डोळ्यांसमोर दिसली पाहिजेत. काम मागाहून बघू. दुसऱ्याच दिवशी मला बोलावणे आले. पाय चालत नव्हता, म्हणून दोन हमालांनी मला गाठीसारखे उचलून कापसाच्या बैलबंडीत घातले. गावातून मी कोट-टोपीनिशी, पाय आभाळाकडे करून, सरकीच्या पोत्यांवर पहुडलेला गेलो. गादीवर मला टेकवून ठेवले. दिसलो. भाच्याचे समाधान झाले. त्या दिवशी हिशेब काही झाला नाही, कारण चोपड्या घरी राहिल्या होत्या.

वाटेत डाक्तर भेटले होते. बंडीच्या बैलांना रामराम करून ते मला म्हणाले, "पाह्यलं ना? सरकार असो का सेठ असो, डोक्यात हवा गेली का मानूसच मोजते."

आडव्या स्थितीत मला नीट युक्तिवाद सुचत नाही.

पुढच्याच पावसाळ्यात ते परिपत्रक आले. आणीबाणीत देशभर घड्याळे सरळ झाली होती; बाबू वेळेवर येतात म्हणून लोकांना कौतुक होते. मलाही होते. खोटे कशाला सांगू, शिस्तीचे स्वागत करणारे एक पत्र मी पाठवलेही होते. परंतु ढोर-दवाखान्याच्या माणसाने खुर्ची सोडायची नाही याचा अर्थ काय, हे साहेबांनी बहुधा आपल्या टेबलाच्या वर मान काढून पाहिले नव्हते.

मी परिपत्रक वाचून दाखवले आणि डाक्तर खुर्चीवर बसले. सकाळीच. काम न करता. मी ते पाहिले आहे. तेलाने चकचकीत केलेल्या खुर्चीत तो माणूस काट्यावर बसल्यासारखा बसला होता. गावभर बोंब झाली. लंगडे बैल चालवत आणायचे, ताप आलेल्या गाई बंडीत घालून आणायच्या. एका शेतकऱ्याची फुगलेली शेळी खांद्यावरून येता येता वाटेतच गेली. तो ती तशीच घेऊन आला आणि दवाखान्याच्या पायरीवर ठेवून म्हणाला, "घे डाक्तर, आता हे कोठी जात नाइ. आता तपास." संध्याकाळी डाक्तर उठून गेले तेव्हा खुर्चीवर पंचा पसरायचे विसरले होते.

मग तो सोमवार उजाडला. जिनिंगचा हंगाम सुरू व्हायला वेळ होता. परिपत्रकावर माझे मत ऐकवायला मी दवाखान्यात गेलो होतो. कोट घातला होता, कारण मत कायदेशीर होते. मी तिसऱ्या मुद्द्यावर असताना नाल्यापलीकडच्या वस्तीवरची एक बाई धावत आली. तिचा नवरा कामाला बाहेरगावी गेलेला. लेकरे सासूकडे. घरात चालते-बोलते काय ते एक म्हैस.

"डाक्तर, माही म्हैस मरून राह्यली! सकाळपासून कळा देते, पाय भाइर आले, डोक्सं येत नाइ. चाल बाप्पा लवकर!"

त्यांनी खुर्चीच्या हातांवर आपली बोटे घट्ट रोवली. मला वाटले उठणार. उठले नाहीत.

"दिवाणजी," ते म्हणाले, "तुमी कायद्याचे. सांगा. हापिस म्हंजे काय?"

हा प्रश्न मला कोणीतरी विचारावा म्हणून मी वर्षानुवर्षे जगत होतो. मी घसा साफ केला. 'कार्यालय' या संज्ञेचे व्यापक आणि संकुचित असे दोन अर्थ संभवतात, इथपासून मी सुरुवात केली. इमारत म्हणजे कार्यालय नव्हे, कारण इमारत भाड्याची असू शकते. जागा म्हणजे कार्यालय नव्हे, कारण...

"अबे, म्हैस मेल्यावर सांगशीन काय!" बाई माझ्यावर ओरडली. मला अबे म्हणणारी ती पहिली स्त्री. पत्नी धरली तर दुसरी.

"थोडक्यात सांगा," डाक्तर म्हणाले.

"थोडक्यात... बाहेर पाटी, आत खुर्ची, खुर्चीत कर्मचारी आणि समोर रजिस्टर. हे जेथे असेल ते कार्यालय."

"पक्कं?"

"पक्के."

ते उठले. खिळ्यावरून 'पशुवैद्यकीय दवाखाना' ही पत्र्याची पाटी उतरवून तिची दोरी त्यांनी माझ्या गळ्यात घातली. रजिस्टर माझ्या काखेत दिले. औषधांची पिशवी खांद्याला लावली आणि ती सागवानी खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली.

"अहो, हे नियमाचे उल्लंघन..."

"मी नियम मोडत नाइ, दिवाणजी. वाकवत बी नाइ. उचलून नेऊन राह्यलो. चला."

गावातून आमची मिरवणूक निघाली ती अशी : पुढे बाई धावते आहे, मागे डोक्यावर खुर्ची घेतलेले डाक्तर, आणि त्यांच्यामागे, अर्धवट बरा झालेला पाय ओढत, कोट-टोपी घातलेला मी, छातीवर पशुवैद्यकीय दवाखाना. पारावरची मंडळी उठून उभी राहिली.

"दिवाणजी, काय दुखनं हाय? खुरकुत काय?"

"पाटी बरोबर गळ्यात गेली, बावा! एवढ्या सालाचं निदान झालं!"

"दिवाणजी, चारा घेता काय?"

नाल्याला पाणी होते. डाक्तर खुर्ची सांभाळत पार झाले; मी रजिस्टर टोपीखाली ठेवून पार झालो, त्यामुळे टोपी गेली. ती पुढे शिरपूरच्या बाजूला कोणाला सापडली असल्यास कळवावे.

गोठ्यापाशी पोहोचताच त्यांनी पाटी बाभळीला टांगली, खुर्ची गोठ्याच्या दारात मांडली आणि म्हणाले, "बसा."

"मी?"

"खुर्ची रिकामी आढळता कामा नये. परिपत्रक तुमीच वाचून दाखवलं. बसा अन् लिवा."

तेव्हा माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आणि अखेरचा मी सरकारी खुर्चीवर बसलो. त्यांनी सदरा काढला, खांद्यापर्यंत साबण आणि तेल चोळले आणि त्या म्हशीपुढे जाऊन हात जोडले. "मायबाई, माफी करा. उशीर झाला. हापिस आनाले येळ लागला." मग ते तिच्या मागे गुडघे टेकून बसले. रेडकाची मान आत मागे वळली होती. ती हाताने सरळ करायची, तेही कळ ओसरलेली असताना; कळ आली की म्हशीचे सारे अंग त्यांचा हात आवळून धरी आणि त्यांच्या कपाळावरची शीर उभी राही. बाई म्हशीच्या तोंडाशी बसून तिच्या कानात काही बोलत होती. मी लिहीत होतो. काय लिहीत होतो ते मला आजही वाचता येत नाही.

"आली मान!" ते ओरडले. रेडकाच्या पायांना बांधलेल्या दोराचे टोक त्यांनी माझ्याकडे फेकले. "कळ आली का वढा! बसल्या जागेवरून! उठू नका!"

मी उठलो नाही. नियम पाळून, बसल्या जागेवरून, दोन्ही पाय जमिनीत रोवून ओढले. एकदा काही झाले नाही. दुसऱ्यांदा म्हशीने जो हंबरडा फोडला तो रिसोडला ऐकू गेला असेल. तिसऱ्यांदा सारे एकदम सुटले. रेडकू बाहेर आले, दोर सैल झाला आणि मी खुर्चीसकट मागे शेणाच्या ढिगात गेलो. खुर्चीचा एक पाय मोडला. माझा, सुदैवाने, दुसरा शाबूत राहिला.

रेडकू मादी निघाले, वगार. डाक्तरांनी तिच्या नाकातोंडातला चिकटा काढला, पाय धरून उलटी केली, चोळली. ती शिंकली. बाई रडत होती आणि हसत होती आणि मधूनच मला म्हणत होती, "उठा जी आता. झालं हापिस."

त्याच वेळी अकोल्याची जीप आमच्या गावात उभी होती. साहेब अचानक तपासणीला आले होते. त्यांना कोणत्याही गावात खुर्ची रिकामी सापडेल अशी तयारी त्यांनी ठेवली असावी. पण येथे खुर्चीच नव्हती. पाटी नव्हती. रजिस्टर नव्हते. उघड्या खोलीत एक रिकामा खिळा होता. त्यांनी जो शेरा मारला त्याची नक्कल मी नंतर मिळवली : "दवाखाना जागेवर आढळून आला नाही."

खुलासा मागवण्यात आला. डाक्तरांना एका वाक्यात उत्तर द्यायचे होते : "म्हैस जिथं होती तिथं दवाखाना होता." मी ते वाक्य हाणून पाडले. एवढ्या गंभीर प्रकरणाला एवढे छोटे उत्तर म्हणजे शासनाचा अपमान, असे माझे मत. आम्ही दोन्ही पाठवले : त्यांचे वाक्य वर, आणि खाली माझे फुलस्केप, संज्ञांसह. दसऱ्याच्या सुमारास साहेबांनी चौकशीसाठी त्या बाईलाही बोलावले. मी दाराशी उभा होतो.

"दवाखाना त्या वेळी चालू होता की बंद होता? एवढंच सांगा," साहेब म्हणाले.

"साहेब, माह्या गोठ्याले दारच नाइ," ती म्हणाली. "बंद कसा होईन?"

साहेबांनी टाक खाली ठेवला. क्षणभर मला वाटले, जिंकलो. मग त्यांनी टाक उचलला आणि तो दिवस 'विनापरवानगी गैरहजर' असा लिहिला. त्यामुळे सेवेत खंड पडला. त्या दिवसाच्या मागची सगळी नोकरी जणू झालीच नाही, असा त्या शब्दाचा अर्थ होतो. माझ्या फुलस्केपाविषयी साहेबांनी काहीच म्हटले नाही. ते त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवले होते. त्याच्या वर्तुळाचा डाग मी पाहिला.

डाक्तर बदलीवर गेले. एस.टी.च्या थांब्यावर पोहोचवायला मी होतो, ती बाई होती, पाटील दूर उभे होते आणि पाटलांचा बैल पाटलांच्या पुढे उभा होता. मी म्हणालो, मी हे प्रकरण सोडणार नाही. वरपर्यंत नेईन.

"न्या," ते म्हणाले. "पन मले बाकी काइ नको. फक्त तो एक शब्द खोडा म्हना. गैरहजर." त्यांनी खाकी पिशवी खांद्याला लावली. "दिवाणजी, म्या सगळं ऐकून घेतलं असतं. पाटी चोरली म्हनले असते, खुर्ची मोडली म्हनले असते, ते बी खरं हाय. पन माह्या घरात पह्यल्यांदा कोनी हजर झालं होतं."

बस निघाली. खिडकीतून त्यांनी हात केला तो आम्हाला की बैलाला, हे नक्की सांगता येणार नाही.

त्यानंतर मी लिहिलेली पत्रे कोठे कोठे गेली हे सांगत बसत नाही. खात्याचे नाव बदलले, साहेब निवृत्त झाले, जिल्हा अकोल्याचा वाशीम झाला; प्रत्येक वेळी मला नव्याने कळवण्यात आले की सदर प्रकरण या कार्यालयाशी संबंधित नाही. डाक्तर निवृत्त झाले आणि काही वर्षांपूर्वी त्यांच्या गावी वारले. त्यांच्या मुलाने मला कळवले. शब्द खोडला गेला का, असेही त्याने विचारले होते. त्या पत्राला मी उत्तर लिहू शकलो नाही. पत्राला उत्तर न देणारा मीही एक, हे त्या दिवशी कळले.

हे सारे आज लिहायचे कारण माझ्या घरातच आहे. माझा मुलगा सरकारी नोकर. तो रोज कचेरीत जाऊन यंत्रावर अंगठा टेकवतो आणि नंतर चहाच्या टपरीवर सापडतो. सरकारच्या लेखी तो हजर असतो. नात पुण्याच्या कुठल्याशा कंपनीची. ती माझ्याच ओसरीवर, मी कोट घालून बसे त्याच कोपऱ्यात, संगणक मांडीवर घेऊन झोपायच्या कपड्यांत दिवसभर राबते; आणि आता तिच्या कंपनीचे पत्र आले आहे की माणसे डोळ्यांसमोर दिसली पाहिजेत, पुण्यात येऊन बसा. दोघांची जेवताना भांडणे होतात, हजर कोण आणि गैरहजर कोण. मी ऐकतो. मला दर वेळी बाभळीला टांगलेली पाटी दिसते.

म्हणून, सर्व संबंधितांस, आणि 'आम्ही संबंधित नाही' असे कळवणाऱ्यांस विशेष करून :

माझा प्रश्न एकच आहे. त्या सोमवारी आमच्या गावचा दवाखाना उघडा होता की बंद? उत्तर टपालाने नको. टपालाने आलेल्या उत्तराला मी प्रत्युत्तर लिहीन, ही तुमची भीती रास्त आहे. बाजाराच्या दिवशी गावात या. पारावर उभे राहून, चारचौघांत, मोठ्याने सांगा. ती बाई आता थकली आहे, पण ऐकू येते. त्या वगारीच्या वंशातली म्हैस अजून त्याच गोठ्यात आहे, आणि गोठ्याला अजून दार नाही.

खुर्ची मी घेऊन येईन. दवाखान्यात लोखंडी खुर्च्या आल्या तेव्हा मोडक्या पायाची ती जुनी सागवानी लिलावात निघाली. ती मी घेतली, पाय सुताराकडून बसवून घेतला, पावती जपून ठेवली आहे. रोज सकाळी तिला तेलाचा बोळा फिरवतो. तिच्यावर मी बसत नाही आणि तुम्हालाही बसता येणार नाही. तुमचे उत्तर येईपर्यंत तिच्यावर पंचा पसरलेला राहील.